सिझेरियननंतरचे पहिले दोन दिवस : आतड्यांची गती आणि आरोग्यसेवेचे अर्थकारण

भारतातील प्रसूतिसेवेचे चित्र गेल्या दोन दशकांत आमूलाग्र बदलले आहे. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या वेळी, म्हणजे २००५-०६ मध्ये, देशातील जेमतेम ३८.७ टक्के प्रसूती रुग्णालयात होत असत. पाचव्या सर्वेक्षणात (२०१९-२१) हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेली जननी सुरक्षा योजना आणि १ जून २०११ रोजी सुरू झालेला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांचा या स्थित्यंतरात मोठा वाटा आहे, याविषयी दुमत नाही. याच काळात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्के झाले. देशात वर्षाला होणाऱ्या जन्मांची संख्या लक्षात घेतली, तर आज दरवर्षी सुमारे ५० लाख स्त्रियांच्या पोटावर सिझेरियनची शस्त्रक्रिया होते, असा ढोबळ अंदाज करता येतो.

शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, हा वाद महत्त्वाचा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तेलंगणात ६०.७ टक्के आणि नागालँडमध्ये ५.२ टक्के, ही तफावत वैद्यकीय कारणांनी स्पष्ट होऊ शकत नाही. एका टोकाला नको असलेली शस्त्रक्रिया आहे, तर दुसऱ्या टोकाला हवी असताना न मिळालेली. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यानंतरचा आहे. शस्त्रक्रिया झाली, बाळ सुखरूप आहे, आई वॉर्डात आली. पुढच्या ४८ तासांत तिच्या पोटाचे काय होते, तिला केव्हा खायला मिळते आणि या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर कुटुंबाचा व सार्वजनिक रुग्णालयाचा किती खर्च अवलंबून असतो, याचा विचार आपल्या नियोजनाच्या चर्चेत क्वचितच होतो.

देशातील बहुतेक प्रसूती वॉर्डांत सकाळच्या फेरीला एक प्रश्न हमखास विचारला जातो : वारा सरला का? उत्तर नकारार्थी असेल तर सलाइन चालू राहते आणि बाळंतीण उपाशी राहते. काही ठिकाणी हा उपवास २४ तासांचा असतो, काही ठिकाणी त्याहून अधिक. शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास त्यात मिळवला, आणि त्याआधी कळा सोसण्यात गेलेली रात्र धरली, तर एखादी स्त्री दीड-दोन दिवस अन्नाविना राहिलेली असते. पाचव्या सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. म्हणजे हा उपवास धडधाकट शरीराला घडत नसून आधीच खंगलेल्या शरीराला घडतो.

आतडी थांबतात म्हणजे काय?

पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया झाली की आतड्यांची लयबद्ध हालचाल काही काळ मंदावते. वॉल्टर कॅनन आणि त्यांचे सहकारी मर्फी यांनी १९०६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते, की आतडी हाताळली गेली की त्यांची गती थांबते. यामागे तीन-चार कारणे एकत्र काम करतात. वेदना व पोटाच्या पडद्याला झालेली इजा यांमुळे मज्जातंतूंकडून आतड्यांना थांबण्याचा संदेश जातो. हाताळणीमुळे आतड्याच्या भिंतीला सौम्य दाह होतो. आणि वेदनाशमनासाठी दिलेली अफूवर्गीय औषधे आतड्यांतील ग्राहींना चिकटून त्यांची हालचाल आणखी मंद करतात. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ट्रॅमाडॉल हे औषधही या बाबतीत निर्दोष नाही. त्यात गरोदरपणाची भर पडते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शेवटच्या महिन्यांत आतडी मुळातच संथ झालेली असतात.

तथापि, येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आतडी ही एकसंध नळी असली तरी तिचे सर्व भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. लहान आतडे काही तासांतच पूर्ववत काम करू लागते. जठराला साधारण एक-दोन दिवस लागतात, तर मोठ्या आतड्याला दोन ते तीन दिवस. वारा सरणे ही मोठ्या आतड्याच्या जागृतीची खूण आहे. अन्नाचे पचन व शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. म्हणजे जे आतडे अन्न स्वीकारण्यास केव्हाच सिद्ध झालेले असते, त्याला आपण शेवटच्या स्थानकावरून हिरवा कंदील मिळेपर्यंत थांबवून ठेवतो. शिवाय वर सांगितलेले कालावधी पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या अनुभवातून आलेले आहेत. सिझेरियनमध्ये शस्त्रक्रिया गर्भाशयावर होते. आतडी कापली जात नाहीत, आणि कुशल हातांखाली त्यांना फारसा स्पर्शही होत नाही. त्यामुळे बहुसंख्य बाळंतिणींची आतडी याहून लवकर सावरतात.

मग उपवासाचा नियम आला कोठून? त्याचे मूळ भूल देण्याच्या जुन्या पद्धतींत आहे. ईथर आणि क्लोरोफॉर्मच्या काळात शस्त्रक्रियेनंतर उलट्या ही नित्याची बाब होती. १९४६ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी, पूर्ण भूल दिलेल्या प्रसूत स्त्रियांच्या जठरातील आम्ल फुप्फुसात जाऊन गंभीर आजार कसा ओढवतो, याचे वर्णन केले. तेव्हापासून प्रसूतिगृहात अन्नाविषयीची धास्ती पक्की झाली. तो धडा शस्त्रक्रियेपूर्वीच्या पोटाचा होता. तो शस्त्रक्रियेनंतरच्या पोटालाही आपोआप लागू झाला. आज नियोजित सिझेरियन बहुतांशी मणक्यात इंजेक्शन देऊन केली जाते. स्त्री जागी असते, बाळाचा पहिला आवाज ऐकते. भूल बदलली, नियम मात्र तसाच राहिला. अर्थशास्त्रात आपण संस्थात्मक जडत्व म्हणतो ते याहून वेगळे नाही.

पुरावा काय सांगतो?

सिझेरियननंतर लवकर खाणे-पिणे सुरू केल्यास अपाय होतो का, याचा पद्धतशीर आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात समाविष्ट चाचण्या मोजक्याच व लहान होत्या. तरीही गुंतागुंत नसलेल्या सिझेरियननंतर अन्नपाणी रोखून धरण्याचे समर्थन करणारा पुरावा आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लवकर खाणाऱ्या स्त्रियांत मळमळ किंवा उलट्या लक्षणीयरीत्या वाढल्या नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, प्रकृती स्थिर असलेल्या स्त्रीला भूक व तहान लागेल तेव्हा खाऊ-पिऊ द्यावे, अशी भूमिका घेतली.

याच सुमारास शस्त्रक्रियाशास्त्रात एक व्यापक बदल होत होता. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात, शस्त्रक्रियेनंतरची प्रत्येक रूढ प्रथा पुराव्याच्या कसोटीवर तपासून रुग्णाला लवकर उभे करण्याची पद्धत मांडली. दीर्घ उपवास, नाकातील नळी, दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहणे यांपैकी पुष्कळ गोष्टी निरुपयोगी ठरल्या. 'ईरास' या लघुनामाने ही पद्धत ओळखली जाते. सिझेरियनसाठीची तिची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ व २०१९ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर दोन तासांच्या आत नेहमीचा आहार सुरू करावा, लघवीची नळी गरज नसल्यास लगेच काढावी, वेदनाशमनासाठी अफूवर्गीय औषधांवर भिस्त न ठेवता पॅरासिटामॉल व दाहशामक औषधे ठरलेल्या वेळी नियमित द्यावीत आणि स्त्रीला लवकर चालते करावे, असे त्यांचे सार आहे.

दोन तासांत नेहमीचा आहार ही शिफारस आपल्या वॉर्डातील ज्येष्ठ परिचारिकेला अतिरेकी वाटेल, हे मी समजू शकते. सुरुवात पाण्याच्या घोटांनी, मग चहा किंवा पेज, आणि ते पचले की काही तासांत मऊ वरण-भात, खिचडी, इडली असा क्रम ठेवला, तरी मूळ हेतू साधतो. अपवादांची यादीही स्पष्ट हवी. पूर्ण भूल दिलेली व अजून गुंगीत असलेली स्त्री, अतिरक्तस्राव झालेली किंवा तो चालू असलेली, तीव्र रक्तदाबामुळे मॅग्नेशियम सल्फेट चालू असलेली, शस्त्रक्रियेत आतड्याला इजा झालेली, पोटात जंतुसंसर्ग असलेली : यांच्याबाबत निर्णय डॉक्टरांचाच राहील. पण अपवादांसाठी केलेला नियम सर्वांना लावणे ही खबरदारी ठरत नाही.

चघळण्याच्या गोंदाची, म्हणजे च्युइंगगमची, गोष्ट अधिक रंजक आहे. तोंडात काही चघळले की मेंदूला अन्न येत असल्याचा समज होतो, लाळ व पाचकरस स्रवू लागतात आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्गे आतड्यांना चालना मिळते. खोटे जेवणच म्हणावे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या आणि ३,१४९ स्त्रियांचा समावेश होता. दिवसातून काही वेळा गम चघळणाऱ्या स्त्रियांत वारा सरण्याचा काळ सरासरी सुमारे ७ तासांनी आणि पहिल्या शौचाचा काळ सुमारे ९ तासांनी अलीकडे आला. आतड्याच्या लांबलेल्या निष्क्रियतेचे प्रमाणही कमी आढळले. पुराव्याची प्रत मात्र कनिष्ठ असल्याचे आढावाकारांनीच नमूद केले आहे. कोण गम चघळत आहे हे लपवता येत नाही, ही या चाचण्यांची उघड मर्यादा आहे. जेथे लवकर जेवण दिले जाते तेथे गमची फारशी गरज उरत नाही, असेही 'ईरास' तत्त्वे सुचवतात. काही रुपयांत होणारा, औषधाविना, परिचारिकेच्या श्रमाविना होणारा उपाय म्हणून त्याचे महत्त्व आहेच. तथापि आपल्याकडील बाळंतिणीच्या खाटेजवळ बसलेल्या सासूबाईंना नव्या आईने गम चघळणे कितपत रुचेल, हा वेगळा प्रश्न. मिश्री किंवा सुपारी हा त्याला पर्याय नव्हे, हे सांगून ठेवणे भाग आहे, कारण चघळणे चांगले एवढाच अर्धा संदेश वॉर्डभर पसरायला वेळ लागत नाही.

खाटेचा हिशेब

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचा या विषयाशी संबंध येतो तो येथे. ३० खाटांचा सिझेरियन वॉर्ड घेऊ. वर्षाला त्याच्याकडे १०,९५० खाट-दिवस उपलब्ध असतात. प्रत्येक स्त्री सरासरी पाच दिवस राहिली, तर वर्षभरात २,१९० स्त्रियांना जागा मिळते. चार दिवस राहिली, तर सुमारे २,७३७ जणींना. एकही नवी खाट, एकही नवी इमारत न उभारता क्षमता चतुर्थांशाने वाढली. एकेका खाटेवर दोन बाळंतिणी झोपवाव्या लागणाऱ्या जिल्हा रुग्णालयांत हा फरक किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

हा हिशेब कागदावर आकर्षक दिसतो, म्हणूनच त्याकडे थोडे संशयाने पाहायला हवे. गमच्या चाचण्यांत रुग्णालयातील मुक्काम सरासरी सुमारे एक-तृतीयांश दिवसाने घटल्याचे दिसते. पण रुग्णालयातून घरी सोडण्याची प्रक्रिया तासांच्या हिशेबाने चालत नाही. घरी जाण्याचा निर्णय सकाळच्या फेरीत होतो, कागद दुपारी तयार होतात, वाहन संध्याकाळी येते. वारा पहाटे सहाऐवजी आदल्या रात्री अकराला सरला, तर त्याने मुक्काम सात तासांनी घटत नाही. एक तर तो पूर्ण दिवसाने घटतो, नाहीतर मुळीच घटत नाही. त्यातून बाळाला कावीळ असेल, टाक्यांची तपासणी राहिली असेल, तर आईचे पोट कितीही सुरळीत झाले तरी खाट मोकळी होत नाही. सात तासांना ५० लाखांनी गुणून राष्ट्रीय बचतीचा डोळे दिपवणारा आकडा काढणे सोपे आहे. तो खरा नसेल, एवढेच.

याहूनही मोठी शंका दुसरी आहे. रुग्णालयाच्या वहीत वाचलेला खाट-दिवस नाहीसा होतो की केवळ घराकडे ढकलला जातो? तिसऱ्या दिवशी घरी पाठवलेल्या आईची शुश्रूषा कोणीतरी करतेच; फक्त त्याचा खर्च रुग्णालयाच्या हिशेबातून उठून तिच्या आईच्या, बहिणीच्या, नणंदेच्या बिनमोल श्रमात जमा होतो. प्रगत देशांत लवकर घरी सोडण्याच्या धोरणामागे घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका असते. आपल्याकडे आशा कार्यकर्ती असते, आणि तिच्याकडे किती कामे सोपवावीत यालाही मर्यादा आहे. म्हणून पोट लवकर सुरू करण्याचे उपाय हे स्त्रीला लवकर बाहेर काढण्याचे निमित्त होता कामा नयेत. मुक्काम घटला तर तो आनुषंगिक लाभ समजावा.

खरा लाभ अन्यत्र आहे, आणि तो खाट-दिवसांत मोजता येत नाही. पोट फुगलेली, सलाइनच्या नळीला बांधलेली स्त्री उठून बसू शकत नाही. ती बसू शकली नाही तर बाळाला नीट पाजता येत नाही. जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण पाचव्या सर्वेक्षणात ४१.८ टक्के होते. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या तरी हा आकडा त्या प्रमाणात पुढे सरकला नाही, यामागे सिझेरियननंतरची पहिली असहाय रात्र हे एक कारण असावे, असे मला वाटते. त्या रात्री बाळाला वरचे दूध देण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. दुसरा लाभ कुटुंबाचा. बाळंतिणीसोबत एक स्त्री वॉर्डात आणि एक पुरुष रुग्णालयाच्या आवारात, ही आपल्याकडची किमान व्यवस्था. दोघांचीही रोजी बुडते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागातील खाजगी रुग्णालयात सिझेरियनचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे २९ हजार रुपये, तर शहरी भागात ३७ हजारांच्या पुढे आढळला. सरकारी रुग्णालयात तो साडेपाच हजारांच्या आसपास होता. बुडालेली मजुरी या आकड्यांत नाही.

प्रोत्साहनांची दिशा

एवढा स्वस्त उपाय सर्वत्र का रुजत नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तराचा एक भाग मोबदल्याच्या रचनेत आहे. सलाइनच्या बाटलीची किंमत बिलात लावता येते, इंजेक्शनची लावता येते, खोलीच्या दिवसाची तर लावता येतेच. परिचारिकेने हाताला धरून बाळंतिणीला खिडकीपर्यंत चालवले, तर त्याची नोंद कोणत्याच बिलात होत नाही. पाचव्या सर्वेक्षणानुसार खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. खाटेच्या दिवसागणिक आकारणी होते तेथे मुक्काम कमी करणाऱ्या उपायाला स्वाभाविक पाठीराखा नसतो. एकरकमी दराच्या विमा योजनांत नेमका उलटा धोका उद्भवतो, स्त्रीला वेळेआधी घरी धाडण्याचा.

सरकारी रुग्णालयातील अडचण निराळी आहे. तेथे नफ्याचा प्रश्न नाही, पण जबाबदारीचा आहे. लवकर खायला दिले आणि रात्री उलटी झाली, तर ड्यूटीवरील परिचारिकेला जाब विचारला जातो. उपाशी ठेवले आणि स्त्री अशक्त राहिली, तर कोणीच काही विचारत नाही. अशा व्यवस्थेत उपवास हाच सर्वांत सुरक्षित निर्णय ठरतो, अर्थात निर्णय घेणाऱ्यासाठी. वॉर्डाच्या प्रमुखांनी सही केलेला, अपवादांसह लिहिलेला एक पानी आदेश भिंतीवर लागला की ही भीती पुष्कळ अंशी दूर होते. खर्च एका कागदाचा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन झालेल्या स्त्रीला सात दिवसांपर्यंत मोफत आहाराची तरतूद आहे. ही तरतूद उदार आहे. पण पहिल्या दोन दिवसांचे ताट शासनाच्या खर्चाने येते आणि जिच्यासाठी येते तिला ते खाण्याची परवानगी नसते. ते ताट बहुधा सोबतची नातेवाईक खाते, आणि तिलाही भूक असतेच, तेव्हा त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. हिशेबात मात्र आहार वितरित झाल्याची नोंद होते.

शौचालयाचा प्रश्न

या विषयावरील परदेशी निबंधांत एक गोष्ट कोठेही आढळत नाही, कारण तेथे ती गृहीत धरलेली असते. ती म्हणजे शौचालय. आतड्यांची गती सुरू करण्यासाठी जे जे करायचे, म्हणजे पाणी पिणे, खाणे, उठून चालणे, ते सारे अखेरीस स्त्रीला शौचालयाच्या दाराशी नेऊन सोडते. ते वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल, ओले व निसरडे असेल, आतून कडी लागत नसेल, तर ती पुढचा विचार आधीच करते. ती पाणी कमी पिते. जेवण नको म्हणते. ग्रामीण व शहरी गरीब स्त्रियांनी दीर्घकाळ अंगी बाणवलेली ही सवय रुग्णालयातही त्यांच्यासोबत येते. शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे दुखते. टाके तुटतील ही भीती असतेच. अशा वेळी एक कमोड, भिंतीला धरायची दांडी आणि पाण्याची बादली उचलावी न लागेल अशी व्यवस्था, या तीन गोष्टी कोणत्याही रेचकापेक्षा परिणामकारक ठरतात. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या कार्यक्रमाने प्रसूतिकक्ष व प्रसूती शस्त्रक्रियागृहांच्या गुणवत्तेवर भर दिला, हे स्वागतार्हच आहे. प्रसूतीनंतरचा वॉर्ड व त्याचे शौचालय यांना त्याच काटेकोरपणाने गुण देण्याची गरज आहे.

चालण्याबाबत थोडेसे. मणक्यातील भुलीचा अंमल उतरला आणि पायांत बळ आले, की प्रथम खाटेवर बसावे, पाय खाली सोडावेत, मग कोणाच्या तरी आधाराने उभे राहावे. पोटावर उशी किंवा घडी केलेली चादर धरल्यास खोकताना व उठताना वेदना कमी होते. पहिल्या वेळी एकटीने जाऊ नये. चक्कर येऊन पडण्याचा संभव असतो. चालल्याने पायांतील रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही कमी होतो, आणि हा लाभ पोटाच्या लाभाहून मोठा आहे.

घरी गेल्यानंतर

आतड्यांची तात्पुरती निष्क्रियता दोन-तीन दिवसांत संपते; बद्धकोष्ठाचा त्रास मात्र पुढे काही आठवडे टिकू शकतो. त्याचे एक कारण आपल्याच धोरणात दडलेले आहे. प्रसूतीनंतर १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक आम्ल असलेली गोळी घ्यावी, असे 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाचे सूत्र आहे. गोळी आवश्यक आहे, पण तिने शौचाला कडक होते, रंग काळा होतो. कोणी सांगितले नसेल तर स्त्री घाबरते आणि गोळी बंद करते. गोळ्यांचा पुरवठा शंभर टक्के आणि सेवन अर्धवट, हे चित्र अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. पुरवठ्याच्या आकड्यांमागे लागण्याऐवजी गोळीसोबत पाणी, भाजी, फळ आणि दोन वाक्यांची माहिती दिली, तर कदाचित अधिक गोळ्या पोटात जातील.

बाळंतिणीच्या आहाराविषयीच्या रूढी देशभर भिन्न आहेत. महाराष्ट्रात डिंकाचे व अळिवाचे लाडू, बाळंतशोपा. उत्तरेत सुंठ, गूळ, तूप व सुक्या मेव्याचा हरीरा. त्यांतील पुष्कळ गोष्टी पौष्टिक आहेत. अनेक भागांत बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, पालेभाजी व फळे टाळावीत, अशीही समजूत आढळते. तूप-डिंक भरपूर आणि पाणी बेताचे, या आहारात शौचाला साफ होण्याची अपेक्षा कशी करावी? स्तनपान करणाऱ्या स्त्रीची पाण्याची गरज उलट वाढलेली असते.

इसबगोल हा येथे सहज आठवणारा उपाय. गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशात पिकणारे, उत्तर गुजरातेतील उंझा येथील बाजारातून जगभर जाणारे हे पीक. त्याच्या उत्पादनात व निर्यातीत भारत अग्रेसर आहे. इसबगोलाची साल पाणी शोषून फुगते आणि मळ मऊ करते, म्हणूनच ती भरपूर पाण्यासोबतच घ्यावी लागते. कमी पाण्यात घेतलेले इसबगोल अडथळाच निर्माण करू शकते. पोट फुगलेले असताना, वारा सरत नसताना ते घेऊ नये. लॅक्ट्युलोजसारखी सौम्य औषधे स्तनपान चालू असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जातात. जोर काढून टाक्यांवर ताण आणण्यापेक्षा ती वेळेवर घेतलेली बरी. पहिले शौच तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाले आणि बाकी सर्व ठीक असेल, तर त्यात चिंतेचे कारण नाही.

चिंतेचे कारण कशात आहे, हे सोबतच्या नातेवाइकाला वॉर्डातून निघण्यापूर्वी समजावून सांगणे अत्यावश्यक आहे. पोट उत्तरोत्तर फुगत जाणे, वारंवार व हिरवट उलट्या, वारा पूर्णपणे बंद होणे, ताप, नाडी जलद होणे, वाढती वेदना ही लक्षणे साध्या बद्धकोष्ठाची नव्हेत. क्वचित प्रसंगी मोठे आतडे कोणत्याही अडथळ्याविना अतोनात फुगते. ब्रिटिश शल्यविशारद ओगिल्वी यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला हा विकार सिझेरियननंतर होऊ शकतो आणि वेळेत न ओळखल्यास आतडे फाटून जिवावर बेतते. यात फसवणूक अशी की काही स्त्रियांना थोडा वारा सरत असतो, त्यामुळे गॅस झाला असेल असे समजून ओवा व सोडा देण्यात एक-दोन मोलाचे दिवस जातात. माता मृत्यूचे प्रमाण २००४-०६ मधील दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ पर्यंत खाली आले. उरलेल्या मृत्यूंपैकी काही अशा घरी गेल्यानंतरच्या दिवसांतले असतात.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आईला व बाळाला रुग्णालयातून घरी पोहोचवणारे वाहन मोफत असते. त्या वाहनात बसण्यापूर्वी आईच्या हाती लसीकरणाचे कार्ड दिले जाते, गोळ्या दिल्या जातात, बँक खात्याचा तपशील तपासला जातो. त्याच वेळी तिच्या भाषेतले, वरील सहा लक्षणे ठळक अक्षरांत छापलेले आणि मागे रुग्णवाहिकेचा क्रमांक असलेले एक कार्ड द्यावे, आणि ते सासूला किंवा आईला मोठ्याने वाचून दाखवावे. केसपेपरवरही दोन रकाने वाढवता येतील : पहिल्या घोटाची वेळ आणि पहिल्या जेवणाची वेळ. सध्या तेथे वारा सरल्याची वेळ लिहिली जाते, सलाइनच्या बाटल्यांची संख्या लिहिली जाते. ती स्त्री जेवली केव्हा, हे कोठेच लिहिले जात नाही.